बामणोली ते वासोटा : बुधवारी चाललेली एक शांत जंगलवाट

सातारा जिल्ह्यात कोयनेच्या जंगलात असलेल्या वासोटा गडावर मी आजवर तीनदा गेलो आहे. पहिल्यांदा महाविद्यालयात असताना गेलो, तेव्हा गडाजवळच्या नागेश्वर या महादेवाच्या गुहेत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी कोकणात चोरवण्याला उतरण्याचा रिवाज होता. दुसऱ्यांदा पुण्यातल्या एका आयोजकाच्या गाडीतून शनिवारी गेलो आणि खिन्न होऊन परतलो. तिसऱ्यांदा गेल्या जानेवारीत एका बुधवारी गेलो, तेव्हा आम्ही चौघेच होतो : मी, माझी सतरा वर्षांची मुलगी आणि रोज पहाटे पुण्यातल्या वेताळ टेकडीवर भेटणारे दोन मित्र. वाट, गड आणि पाणी तिन्ही वेळा तेच असूनही दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेत जे अंतर पडले, ते मला नोंदवून ठेवावेसे वाटते, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

ही वाट ज्या जंगलातून जाते, ते कोयना अभयारण्याचे आहे. कोयना अभयारण्य आणि त्याच्या दक्षिणेला २००४ साली घोषित झालेले चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला त्यात या दोन्ही जंगलांचा समावेश झाला. म्हणजे आपण ज्या वाटेला सवयीने ‘ट्रेक’ म्हणतो, ती व्याघ्र प्रकल्पातली वाट आहे आणि तिथले नियम गडकोटांचे नसून जंगलाचे आहेत. ही गोष्ट निघण्यापूर्वीच मनात पक्की असेल, तर पुढच्या पुष्कळशा तक्रारी आपोआप गळून पडतात.

पुण्याहून पहाटे साडेतीनला निघालो. खंबाटकीचा घाट अंधारातच ओलांडला, साताऱ्यात चहा घेतला आणि यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागलो तेव्हा पूर्वेला तांबडे फुटत होते. कासचे पठार जानेवारीत वाळके, पिवळे आणि निर्मनुष्य असते. सप्टेंबरात फुलांसाठी तिथे लागणारी गाड्यांची रांग ज्याने पाहिली आहे, त्याने ते एकदा असेही पाहावे. पठार ओलांडून रस्ता बामणोलीकडे उतरू लागला, की खाली शिवसागराचे पाणी दिसते. कोयनेच्या धरणामागचा हा जलाशय त्या वेळी धुक्याने इतका झाकलेला होता की पाणी कोणते आणि धुके कोणते हे किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत उमगले नाही. एसटीने यायचे असेल तर साताऱ्याहून बामणोलीला गाडी मिळते, परंतु एका दिवसात गड पाहून परतायचे असल्यास पुण्याहून स्वतःच्या वाहनाने पहाटे निघणे किंवा आदल्या रात्रीच बामणोलीत मुक्कामाला येणे हेच सोयीचे.

बामणोलीत दोन कामे आधी उरकावी लागतात : वनखात्याची परवानगी आणि बोट. परवानगीसाठी प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ असावे. बोटीचे भाडे माणशी नसून पूर्ण बोटीचे असते, त्यामुळे चौघांना ते जड जाते आणि दहा जणांना हलके. आम्ही चौघांनी पूर्ण बोट घेतली. खर्च अर्थातच जास्त झाला, परंतु अनोळखी लोकांच्या घाईगर्दीत सापडण्यापेक्षा तो मला परवडला. जेवण मात्र बोटीत बसण्यापूर्वीच सांगून ठेवावे. संध्याकाळी उपाशी पोटाने परतल्यावर पुढ्यात आलेली गरम भाकरी, पिठले आणि ज्यांना चालतात त्यांच्यासाठी जलाशयातले ताजे मासे यांची योग्यता काही वेगळीच असते.

बोटीचा प्रवास साधारण दीड तासाचा आहे. लाइफ जॅकेट मिळते, ते प्रवासभर अंगावर ठेवावे. या साऱ्या अनुभवात मला एकच गोष्ट खरोखर खटकली, ती म्हणजे डिझेल इंजिनाचा आवाज. बोटीत शेजारच्या माणसाशी बोलायचे तरी ओरडावे लागते, आणि दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर तो आवाज आपटून परत येत राहतो. व्याघ्र प्रकल्पात माणूस जर याच आवाजासह शिरत असेल, तर काठावरच्या प्राण्यांनी आपल्याला दर्शन द्यावे अशी अपेक्षा आपण का करावी? कमी आवाजाच्या बोटी तिथे आल्या पाहिजेत, असे मला मनापासून वाटते, आणि त्यासाठी भाडे थोडे वाढले तरी माझ्यासारखे लोक ते आनंदाने देतील.

बोट लागते त्या ठिकाणाचे नाव मेट इंदवली. ‘मेट’ म्हणजे गडाच्या वाटेवरची राखणीची चौकी. गडाची राखण करणारी माणसे जिथे वसली, ते हे गाव. आता तिथे वस्ती नाही. कोयनेचे पाणी चढले, पुढे १९८५ साली अभयारण्य झाले, आणि या खोऱ्यातली एकेक गावे उठत गेली. झाडीत शिरण्यापूर्वी उजाड झालेली घरांची जोती, दगडी बांध आणि कुणीतरी हाताने लावलेली आंब्याफणसाची झाडे दिसतात. माझ्या मुलीने विचारले, “बाबा, एवढ्या आत फणस कुणी लावले असतील?” तिला उत्तर देताना मला जाणवले की या वाटेची शांतता ही निसर्गाने आयती दिलेली नाही. तिच्यासाठी माणसांनी आपली घरे सोडली आहेत. ज्या शांततेची किंमत दुसऱ्याने मोजली, ती शनिवारी स्पीकर लावून मोडणे हा उद्धटपणा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वनचौकीवर सामानाची तपासणी होते. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, पिशव्या असे जे जे प्लॅस्टिक सोबत असेल, ते मोजून वहीत लिहिले जाते आणि अनामत रक्कम घेतली जाते. परत येताना तितकीच संख्या दाखवली की रक्कम परत मिळते. आमच्या नोंदीत बाटल्या आठ, पुडे सहा आणि पिशव्या तीन होत्या. तपासणीला वीस मिनिटे गेली आणि आमच्यातल्या एका मित्राला ती फार वाटली. मला ती वाटली नाहीत. पुण्याच्या आसपासच्या इतर गडांवर आपण कोणत्या अवस्थेतल्या दरडी आणि टाकी पाहतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याने या वीस मिनिटांना कमी लेखू नये. आम्ही सबंध दिवसभरात वाटेवर एकच चॉकलेटचा कागद पाहिला. तो उचलून आम्ही खिशात घातला.

बामणोलीतून आम्ही एक वाटाड्या सोबत घेतला होता. साठीच्या पुढचे, कृश अंगाचे, पायांत साध्या चपला घातलेले ते गृहस्थ. आम्ही सगळेच त्यांना मामा म्हणू लागलो. वाट ठळक आहे, मग वाटाड्या कशाला, असा प्रश्न कुणी विचारील. त्याचे उत्तर ओढ्यापाशीच मिळाले. मारुतीच्या मूर्तीजवळून पुढे जाणारी वाट ओढ्याच्या पात्रातून जाते. जानेवारीत पात्रात पाणी बेताचेच होते. मामांनी हात वर करून आम्हांला थांबवले आणि काठावरच्या ओल्या मातीकडे बोट दाखवले. गव्याच्या खुराचा ठसा होता. माझा तळवा त्यात सहज मावला असता. दोन अर्धचंद्र समोरासमोर ठेवावेत तसा आकार, कडा अजून धारदार, आणि तळाशी बाजूच्या मातीतून पाणी नुकते झिरपू लागलेले. “पाणी भरलं न्हाई अजून. आत्ताच गेलाय,” मामा अगदी हलक्या आवाजात म्हणाले. आम्ही चौघे त्या ठशाभोवती वाकून उभे होतो आणि ठशातले पाणी आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू चढत होते. माझ्या मुलीने त्याचे छायाचित्र काढले नाही. ती नुसती पाहत राहिली, आणि त्यानंतर तासभर तिने भ्रमणध्वनी पिशवीतून बाहेरच काढला नाही.

ओढ्यानंतर दाट रान सुरू होते. जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा अशी झाडे आणि त्यांवर चढलेले मनगटाएवढे वेल यांनी वरचे आकाश जवळजवळ झाकून टाकलेले असते, त्यामुळे सकाळी दहालाही पायाखालच्या पाचोळ्यावर उन्हाचे तुकडेच पडतात. शेकरूची घरटी मामांनी तीन दाखवली. उंच फांद्यांच्या टोकांना डहाळ्यापानांचे मोठे चेंडू अडकवल्यासारखी ती दिसतात. खुद्द शेकरू एकदाच दिसले, तेही आधी फळाची साले आमच्या डोक्यावर पडू लागली म्हणून. पुढे एका ठिकाणी वारूळ उकरलेले होते आणि त्याच्या मातीत नखांच्या लांब ओरखड्या होत्या. ते अस्वलाचे काम. अशा ठिकाणी एकट्याने पुढे धावू नये आणि मागेही रेंगाळू नये, एवढे सांगून मामा पुन्हा गप्प झाले.

ऐकू काय येत होते, ते नेमके सांगण्याचा प्रयत्न करतो. आपल्याच पायांखालचा पाचोळा. बराच वेळ काही नाही. मग दूर कुठेतरी धनेशाचे कर्कश, हसल्यासारखे ओरडणे. ओढ्याच्या बाजूने शीळकरी कस्तुराची एक लांबलेली, अर्धवट सुटलेली शीळ. पुन्हा काही नाही. पुण्यात रात्री दोन वाजताही कर्वे रस्त्याची घरघर माझ्या कानात असते. तिची इतकी सवय झालेली आहे की ती थांबल्यावर कानांत दडे बसल्यासारखे वाटले. आमच्यातला जो मित्र टेकडीवर अखंड बोलत असतो, तोही अर्ध्या तासाने आपणहून कुजबुजू लागला.

याच वाटेवरचा तो शनिवार मी विसरू शकत नाही. आयोजकाने जाहिरातीत वीस जणांची तुकडी सांगितली होती. प्रत्यक्षात दोन बस भरून माणसे आणली. वाटेवर एकापुढे एक अशी लांब साखळी झाली, कुणाच्या तरी पाठपिशवीला लटकवलेल्या स्पीकरवर गाणी चालू होती, आणि वर गडाच्या बाबुकडा नावाच्या कड्यावर छायाचित्रासाठी पाळीने उभे राहून जेमतेम दहा मिनिटे मिळाली. त्या दिवशी आम्हांला एकही प्राणी, एकही ठसा दिसला नाही, आणि परतीच्या बसमध्ये ‘जंगलात काहीच नाही’ असा शेरा मी दोन-तीन जणांच्या तोंडून ऐकला. आयोजकाकडे मी नंतर लेखी तक्रार केली; उत्तर आले नाही. पैशांचे मला फारसे वाईट वाटले नाही. जंगल पहिल्यांदाच पाहणाऱ्या पन्नास तरुण मुलामुलींना त्या दिवशी जंगल दाखवलेच गेले नाही, याचे वाटते.

मध्ये एक फाटा लागतो. एक वाट गडावर आणि दुसरी नागेश्वराकडे जाते. पाचोळ्यात दोन्ही वाटा सारख्याच दिसतात, त्यामुळे नवख्या माणसाने इथे थांबून खात्री करून घ्यावी. नागेश्वरच्या गुहेत महाशिवरात्रीला भाविक मोठ्या संख्येने जातात. माझ्या तरुणपणी याच गुहेत रात्र काढल्याची, छतातून पिंडीवर टपटपणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत जागा राहिल्याची आठवण मला तिथे आली. आता जंगलात मुक्कामाला परवानगी नाही. जुन्या मंडळींपैकी अनेकांना याची हळहळ वाटते, मलाही वाटते. तरीसुद्धा बंदी योग्यच आहे. रात्र ही जनावरांची वेळ. तेवढी तरी त्यांना मोकळी मिळाली पाहिजे.

फाट्यानंतर चढ खडा होतो. रोज टेकडी चढणाऱ्या माणसाला तो झेपतो, पण दम काढतो. आम्हांला पायथ्यापासून माथ्यापर्यंत सव्वादोन तास लागले. शेवटच्या टप्प्यात झाडी विरळ होते, ऊन अंगावर येते आणि कातळातल्या पायऱ्या सुरू होतात. माणशी तीन लिटर पाणी घ्यावे, असा माझा आग्रह आहे. गडावर टाके आहे, तरी त्याच्यावर विसंबून राहू नये.

माथ्यावर पडक्या दरवाजांतून आत गेल्यावर समोरच बिनछपराचा मारुती उभा आहे. महादेवाचे देऊळ, चुन्याचा घाणा, वाड्याची जोती असे अवशेष आहेत. ते थोडे आहेत, पण या गडाचा इतिहास मोठा आहे. शिवाजीमहाराजांनी १६६० साली, स्वतः पन्हाळ्यावर वेढ्यात असताना, फौज धाडून वासोटा घेतला आणि त्याचे नाव व्याघ्रगड ठेवले. राजापूरला पकडलेल्या इंग्रजांपैकी काहींना इथे कैदेत ठेवले होते. तीन बाजूंना खोल दऱ्या आणि चहूकडे वाघाचे रान असल्यावर कैद्याने पळून जावे तरी कुठे? उत्तर पेशवाईत ताई तेलिणीने हा गड पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याविरुद्ध लढवला, आणि १८१८ साली तो इंग्रजांच्या हाती गेला तेव्हा साताऱ्याच्या छत्रपतींचे कुटुंब याच गडावर होते. चुन्याच्या घाण्याजवळ बसून हे सारे मी मुलीला सांगितले. ताई तेलिणीबद्दल तिने जितके प्रश्न विचारले, त्यांपैकी निम्म्यांची उत्तरे माझ्याकडे नव्हती.

बाबुकडा हे या वाटेचे खरे फळ. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याची ओळख पटेल : अर्धवर्तुळात आत वळलेला, वरून पायांना मुंग्या आणणारा कातळ, खाली कोकणात उतरत गेलेले रान आणि समोर जुन्या वासोट्याचा उंच, चढायला वाट नसलेला डोंगर. कड्याला कठडा नाही. तो असू नये, असेच मला वाटते, परंतु लहान मुलांना कडेला नेऊ नये आणि दुपारच्या वाऱ्यात कुणीही अगदी टोकाला उभे राहू नये. आम्ही तिथे पाऊण तास बसलो. त्या वेळात एक ससाणा आमच्या पायांखालून, म्हणजे कड्याच्या पोटातून, दोनदा फिरून गेला. आकाशात उडणाऱ्या पक्ष्याची पाठ पाहायला मिळण्याचे प्रसंग माणसाच्या आयुष्यात फार येत नाहीत.

वेळेचे गणित मात्र काटेकोर ठेवावे लागते, कारण संध्याकाळपूर्वी जंगलाबाहेर पडणे बंधनकारक आहे. बोटीला उशीर, तपासणीला उशीर, मध्ये फराळाला उशीर असे होत गेले तर कड्यावर बसायला वेळच उरत नाही. नागेश्वर आणि वासोटा ही दोन्ही ठिकाणे एका दिवसात करण्याचा हट्ट धरू नये. पावसाळ्यात ही वाट बंद असते, आणि उघडल्यावर पहिले काही दिवस ओलसर रानात जळवा असतात. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्चपासून पाणी उतरल्यावर बोटीपासून काठापर्यंत चिखल तुडवत जावे लागते. वार सोमवार ते गुरुवारपैकी धरावा. रजा काढावी लागली तरी काढावी. तुकडी सहांपेक्षा मोठी नसावी, आणि वाटाड्या अवश्य घ्यावा. त्याच्यासाठी मोजलेले पैसे हे सबंध दिवसातले सर्वांत सत्कारणी लागलेले पैसे आहेत, कारण तो नसता तर आम्ही त्या ओल्या ठशावर पाय देऊन पुढे गेलो असतो.

चार वाजता वनचौकीवर परत आलो. आठ बाटल्या, सहा पुडे, तीन पिशव्या मोजून झाल्या आणि अनामत परत मिळाली. मामा बोटीच्या टोकाला जाऊन बसले. इंजिन सुरू झाले, आम्ही वळणापर्यंत आलो असू, तोच बोटवाल्याने काही न बोलता ते बंद केले. डाव्या काठावर, पाणी ओसरून उघड्या पडलेल्या मातीच्या पट्ट्यावर तीन गवे उभे होते. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे पोटऱ्यांचे केस, उतरत्या उन्हात तांबूस चमकणारी पाठ. मोठ्या गव्याने मान वर करून आमच्याकडे पाहिले. बोट तशीच, बिनआवाजाची, पाण्यावर तरंगत राहिली. तिघांनीही पाणी पिऊन घेतले आणि एकामागून एक झाडीत शिरले. शेवटची फांदी हलायची थांबेपर्यंत बोटवाल्याने इंजिनाला हात लावला नाही.